एएनएम, जीएनएम ह्या नर्सिंग कोर्सच्या मुलींना वॉर्डातल्या ड्युटीचे पैसे मिळायला हवेत की नको?

सोनकी: माझी धाकटी बहीण एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खासगी कॉलेज. घरी अडीच एकर कोरडवाहू. पहिल्या वर्षाची फी आईच्या कानातलं मोडून भरली, यंदा बचत गटाचं कर्ज काढलंय. स्कॉलरशिपचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कधीचा अडकून पडलाय आणि कॉलेज म्हणतंय आधी फी, मग हॉल तिकीट. आणि ही पोरगी करते काय तर लेबर रूमला बीपी घे, बाळाचे ठोके मोज, कळा किती मिनिटांनी येतायत ते लिहून ठेव, बाळंतिणीला धरून बाथरूमला ने, बाळाला अंगावर लावायला शिकव. रात्रपाळी आठला संपते, गावाकडची एसटी साडेदहाला, तोवर ती ओपीडीच्या बाकावर उपाशी बसते, कारण पोहे-चहाचे तीस रुपये वाचवायचे असतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तरी निभतंय. माझं म्हणणं, ह्या ड्युटीचे पैसे मिळालेच पाहिजेत.

निवृत्त_सिस्टर: ताई, बहिणीचं वाचून जीव तुटला, पण पैसे द्या ह्याला माझा विरोध आहे. मी लेबर रूममध्येच आयुष्य काढलंय. ज्या दिवशी विद्यार्थिनीला पगार सुरू होईल त्या दिवशी इन्चार्ज तिला ड्युटी लिस्टमध्ये माणूस म्हणून धरणार, मग केसजवळ उभी राहून शिकायचं सोडून तिला ट्रॉल्या ढकलायला लावतील. केसबुकातल्या, म्हणजे तिने केलेल्या केसेसच्या वहीतल्या डिलिव्हऱ्या कागदावरच राहतील. पुढे हीच मुलगी एकटी गावाच्या आरोग्य उपकेंद्रावर जाणार, पाच हजार लोकवस्तीचं, आदिवासी भागात तीन हजारांचं, तिथे रक्तस्राव थांबेना तर विचारायला शेजारी कोणी नसतं. तिचं शिकणं कच्चं राहिलं तर बाई जिवानिशी जाते हो.

सोनकी: सिस्टर, आजच धरतात की! मुली सुट्टीवर गेल्या की वॉर्डाची काय त्रेधा उडते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

कोरा_कागद: सीएच्या आर्टिकलशिपला स्टायपेंड आहे, कारखान्यातल्या अप्रेंटिसला १९६१ चा कायदा आहे, एमबीबीएसच्या इंटर्नला मिळतो. तीही पोरं शिकतच असतात ना? मग बाळंतपण करणाऱ्या पोरीलाच सेवाभाव का शिकवता. ह्या कोर्सला गरिबाघरच्या मुली येतात आणि त्या भांडत नाहीत, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

मधला_मार्ग: पण २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी माफ केलीये ना सरकारने? परत स्टायपेंड कशाला, शेवटी पैसा आपल्याच खिशातून जातो.

कोरा_कागद: ती माफी कॅप राउंडने, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेणाऱ्यांना आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि माफी झाली तरी मेस, खोलीभाडं, युनिफॉर्म, प्रवास हे आहेच की, पोरगी अडते ती तिथेच.

लीड्सहून_मृणाल: इकडचं सांगते, मैत्रीण मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपणाच्या नर्सचा कोर्स करतेय. इंग्लंडमध्ये २०१७ ला बर्सरी, म्हणजे विद्यावेतन बंद करून कर्ज माथी मारलं, मग ओरड झाली तेव्हा २०२० पासून वर्षाला ५ हजार पौंडांचं अनुदान सुरू केलं. स्कॉटलंडमध्ये १० हजार मिळतात. तीन वर्षांत प्रॅक्टिकलचे २३०० तास भरायचे असतात, ते करून ही शनिवार-रविवार केअर होममध्ये काम करते आणि सोमवारी वॉर्डात डोळे मिटत असतात. सिस्टरांचा मुद्दा मला पटतो पण उपाशी आणि पेंगुळलेल्या मुलीच्या डोक्यात तरी काय शिरणार?

निवृत्त_सिस्टर: हे मात्र खरं. मी सरकारी स्कूलला शिकले, थोडंसंच विद्यावेतन होतं पण हॉस्टेल होतं, पोटभर जेवण होतं, घरून एक रुपया मागवला नाही. म्हणून मी म्हणते पगार नको. पोस्टिंगच्या दिवशी जेवण, रात्रपाळीला राहायला खोली आणि एसटीचा पास द्या, आणि स्कॉलरशिप आली नाही म्हणून परीक्षा अडवायची नाही असा नियम करा. पगारावर मी अजूनही नाहीच म्हणेन.

सोनकी: एवढं झालं तरी तिचा अर्धा भार उतरेल सिस्टर. पण माझं मत तेच, कामाचे पैसे.

निवृत्त_सिस्टर: असू दे. हॉल तिकीट मिळालं का तिला?

सोनकी: काल मिळालं, मामाने ४ हजार भरले. बाकीचे परीक्षा झाल्यावर द्यायचेत, तोवर बारावीची ओरिजिनल मार्कशीट कॉलेजकडेच.