मदत हवी आहे: जीएम (जनुकीय बदल केलेल्या) मोहरीचे पराग नक्की अडतात कुठे?

नमस्कार मंडळी. मुलगी टीवाय बीएस्सीला आहे, बॉटनी. प्रोजेक्टचा विषय: जीएम पिकातलं जनुक शेताबाहेर जाऊ नये म्हणून झाडातच केलेली सोय. मी रबाळे एमआयडीसीतला केमिकलवाला. आमच्याकडे टाकीभोवती डाइक वॉल असते, टाकी फुटली तरी माल आवारातच राहतो. एवढ्या भांडवलावर तिला समजवायला बसलो आणि अडकलो.

बार्नेज हे जिवाणूतलं जनुक परागकोशातल्या टॅपेटम या, परागांना पोसणाऱ्या थरातच चालू होतं, आरएनए तोडतं, थर मरतो, पराग तयारच होत नाहीत. इथवर ठीक. पण तिच्या वर्गात डीएमएच-११ या जीएम संकरित मोहरीचं उदाहरण देऊन ‘या मोहरीचे पराग पसरतच नाहीत’ असं सगळे बिनधास्त लिहितायत. मला पटत नाही. शेतकरी पेरणार ते संकरित बी. त्यात दुसऱ्या पालकाकडून आलेलं बारस्टार बार्नेजला गप्प बसवतं. म्हणजे पराग आलेच की! शिवाय दोघांसोबत तणनाशक सोसणारं बार जनुक जोडलेलं. दोन्ही जोड्या (बार्नेज-बार आणि बारस्टार-बार) वेगळ्या जागी बसल्यात, म्हणजे चारातल्या तीन परागकणांत बार असणार. हिशोब बरोबर आहे का?

दुसरं, जनुक हरितलवकात (क्लोरोप्लास्ट, पेशीतला हिरवा कण) घातलं तर परागातून जात नाही म्हणतात. मग सगळे तेच का करत नाहीत?

तिसरं जरा घरगुती. ऐरोलीतल्या आमच्या गॅलरीत कुंड्यांत साधी राई लावलीय. ती चिमट्याने सहाही पुंकेसर काढते (चार लांब, दोन आखूड) आणि बटर पेपरची पिशवी घालते. तरी शेंगा धरतातच. का?

प्रतिसाद: हिशोब बरोबर. पुढच्या पिढीत तर सोळात तीन झाडं बार्नेजवाली पण बारस्टार नसलेली, म्हणजे नर-वंध्य (पराग न येणारी) निघतील. मोहरी बरीचशी स्वपरागित, त्यामुळे संकर करणं किचकट; बार्नेज-बारस्टारची जोडी आणली ती संकरित बी तयार करायला, कुंपण म्हणून नाही. जीईएसीने (जीएम पिकांना मंजुरी देणारी केंद्राची समिती) ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएमएच-११ ला हिरवा कंदील दिला, जुलै २०२४ मध्ये त्या मंजुरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं. पोस्टरवर हे घाला, परीक्षक विचारतीलच.

हरितलवकाचं तंबाखूत छान जमतं, तृणधान्यांत फार अवघड. बहुतेक पिकांत हरितलवकं आईकडूनच येतात, पण क्वचित परागातूनही निसटतात. आणि बी सांडलं तर काय? शेजारचा पराग जीएम झाडाच्या फुलावर पडला तर? तिथे हरितलवक काही अडवत नाही.

प्रतिसाद: काका, कळी पिवळी दिसायला लागल्यावर हात लावत असाल. तोवर परागकोश फुटलेले असतात. उमलायच्या एक-दोन दिवस आधीची हिरवी, घट्ट कळी घ्या. त्या तुऱ्यावरची उमललेली फुलं आधी खुडून टाका आणि दर कळीमागे चिमटा स्पिरिटने पुसा.

धागाकर्ता: आभार! पिवळ्या कळ्याच घेत होतो. सोळातल्या तीनचा तक्ता तिने लगेच काढला. आता एकच, पिशवी किती दिवस ठेवायची?

प्रतिसाद: पाकळ्या गळून शेंगा दिसू लागेपर्यंत. ऐरोलीच्या दमटपणात आत बुरशी धरते, अधूनमधून बदला.