प्रतिसाद: तिवरं सरकणार कुठे?

"दरवर्षी लाखो तिवरं लावा, समुद्र वाढला तरी मुंबई सुरक्षित" हे मत अर्धंच बरोबर आहे. कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीचं जंगल, वाढत्या पाण्याशी दोन प्रकारे जुळवून घेतं. पहिला प्रकार म्हणजे जमीन उंचावणं. तिवराची श्वासमुळं (हवा घ्यायला चिखलातून वर आलेली मुळं) भरतीच्या पाण्याचा वेग कमी करतात, गाळ बसतो, खालच्या मुळांची भर पडते. पण समुद्रपातळी वर्षाला साधारण ६ मिलिमीटरहून जास्त वेगाने वाढली, तर ही भर बहुधा पुरी पडत नाही. मग झाडं दुसरा मार्ग धरतात, बी जमिनीच्या बाजूला रुजतं आणि जंगल पिढीगणिक मागे सरकतं. ठाणे खाडीच्या काठाला सरकायचं कुठे? मागे रस्ता, भराव नाहीतर कुंपणभिंत.

लागवड बहुतेक वेळा फसते ती जागेमुळे. सरासरी समुद्रपातळीच्या खालच्या उघड्या चिखलात रोप फार वेळ बुडतं, शिंपले चिकटून वाकतं, प्लास्टिक अडकून मोडतं. शिवाय तोच चिखल रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, खाद्यक्षेत्र! सरासरी पातळी आणि उधाणाची भरती यांच्यामधला पट्टाच निवडा.

रोपांआधी पाणी बघा. बांधामुळे भरती अडली असेल तर बांधाखालची पाणी जायची मोरी मोकळी करा. पाणी येऊन पूर्ण ओसरलंही पाहिजे. साचून राहिलं तर श्वासमुळं गुदमरतात आणि मोठी झाडंही वाळतात. जवळ जुनी तिवरं असतील तर पावसाळ्यात बी आपसूक वाहत येतं. तिथे रोपवाटिकेवर खर्च कशाला?