मदत हवी आहे: 'हॅव सेंट' चुकीचं कसं?

निळीशाई: तासभर डोकं फिरलंय. मेलमध्ये 'आय हॅव सेंट द फाइल' लिहिलं, तर साहेबांनी 'हॅव'वर काट मारली. 'मी फाइल पाठवली आहे' म्हणजे हॅव सेंटच ना? 'आहे' आहे की त्यात! संध्याकाळी दुसरा मेल जायचाय, लवकर सांगा.

अर्धविराम: वाक्य बरोबर आहे. एवढंच होतं की पुढे काही?

खडूसकाका: सेंट की सेंड? सगळे तिथेच मार खातात. सेंड-सेंट-सेंट, गो-वेंट-गॉन. आम्ही रोज वीस घोकायचो.

निळीशाई: काका, सेंटच आहे, वर लिहिलंय.

वाचनवेडी: व्याकरणाने कुणी बोलायला शिकत नाही. रोज अर्धा तास बातम्या ऐका, तीन महिन्यांत कान तयार होतो. माझा झाला.

अर्धविराम: मेल आज जायचाय हो, तीन महिन्यांनी नाही. निळीशाई, पूर्ण वाक्य द्या.

निळीशाई: 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे इव्हनिंग.' पण वेळेचा काय संबंध? अडचण हॅवची आहे.

अर्धविराम: घोडं तिथेच पेंड खातंय! मराठीत 'कालच फाइल पाठवली आहे' बिनदिक्कत चालतं, म्हणून हात तसाच वळतो. इंग्रजीत 'हॅव सेंट'चा रोख आत्तावर असतो: फाइल तुमच्याकडे आलेली आहे, बघून घ्या. 'यस्टरडे' आलं की ती वेळ सरली, मग साधा भूतकाळ: 'आय सेंट द फाइल यस्टरडे इव्हनिंग.' नाहीतर यस्टरडे उडवा आणि हॅव ठेवा. लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019, सगळ्यांना हाच न्याय.

पानपुसणी: मग 'आय हॅव सेंट इट धिस मॉर्निंग' कसं चालतं?

अर्धविराम: सकाळ सरली नसेल तर चालतं. दुपारी चारला लिहिताना 'आय सेंट'.

सातासमुद्रा: अमेरिकन लोक सर्रास 'आय ऑलरेडी सेंट इट' म्हणतात. हॅव टाकूनच द्या.

अर्धविराम: ऑलरेडी, जस्ट, येट यांच्यापुरतं ठीक; ब्रिटिश तिथेही हॅव घालतात. यस्टरडेसोबत हॅव मात्र दोघांनाही खपत नाही.

सातासमुद्रा: अवांतर: जर्मनमध्ये 'इश हाबे इन गेस्टर्न गेझेएन', शब्दशः 'मी त्याला काल पाहिलं आहे', खुशाल चालतं. आपण जर्मनच शिकावी.

खडूसकाका: नको, तिथे टेबलालाही लिंग असतं.

वाचनवेडी: मराठीत काय नसतं? ते टेबल, ती खुर्ची.

खडूसकाका: बरं. आणि 'अ अवर' नव्हे, 'ॲन अवर' लिहा. एच मुका असतो.

निळीशाई: काका, अवर कुठून आला?? असो. अर्धविराम, खूप आभार! मेल असा लिहिलाय: 'आय सेंट द फाइल यस्टरडे. डिड यू रिसीव्ह्ड इट?'

अर्धविराम: थांबा, पाठवू नका! 'डिड'मध्ये भूतकाळ येऊन गेला, पुढे नुसतं 'रिसीव्ह'.

निळीशाई: आत्ताच गेला.