नारकोंडमचा धनेश: पक्षी हजार निघाले म्हणून धोका कमी झाला का?

डिचोलीकर
उत्तर अंदमानच्या पूर्वेला भर समुद्रात नारकोंडम हे निद्रिस्त ज्वालामुखीचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम 6.8 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यातील चोडणचे सलीम अली अभयारण्य जवळपास चार वेळा मावेल इतके. या बेटापलीकडे जगात कुठेही न आढळणारा नारकोंडम धनेश 1873 साली पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी विज्ञानाला ओळखीचा करून दिला. पूर्वीचे अंदाज तीनशे-चारशेच्या घरातले होते. 2020 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मात्र ही संख्या एक हजाराच्या आसपास असल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतली, म्हणजे धोक्यातील प्रजातींच्या यादीतली, ‘संकटग्रस्त’ श्रेणी आता कशाला, असा प्रश्न ऐकू येऊ लागला. माझे मत स्पष्ट आहे: ज्या पक्ष्याचे सारे जग सात चौरस किलोमीटरही नाही, त्याची श्रेणी केवळ डोकी मोजून खाली आणू नये. गोव्याच्या मोले जंगलातील धनेशाला कॅसलरॉक आणि दांडेलीच्या जंगलाचा शेजार आहे, एका बाजूला आग लागली किंवा झाडे तुटली तर दुसऱ्या बाजूने पक्षी परत येऊ शकतात. नारकोंडमला असा शेजारच नाही.

सांगेकर
आपली कळकळ समजते, परंतु लाल यादी कळकळीवर चालत नाही. आययूसीएनच्या निकषांनुसार निव्वळ संख्येच्या आधारावर ‘संकटग्रस्त’ ठरण्यासाठी प्रजननक्षम पक्षी 250 हून कमी असावे लागतात, आणि ‘असुरक्षित’ ठरण्यासाठी 1000 हून कमी. एकूण संख्या हजाराच्या आसपास असेल तर पिल्ले व अपरिपक्व पक्षी वगळता हा पक्षी ‘असुरक्षित’ श्रेणीत बसतो. लहान क्षेत्राची आपली चिंताही निकषांत आहे: व्याप्त क्षेत्र, म्हणजे प्रजाती प्रत्यक्ष राहते ते क्षेत्र, 20 चौरस किलोमीटरांहून कमी असून एखाद्या संभाव्य संकटाने प्रजाती झटक्यात नष्ट होण्याजोगी असेल, तरी ती ‘असुरक्षित’ ठरते. म्हणजे दोन्ही वाटांनी उत्तर तेच येते. नियम आपल्याला आवडत्या पक्ष्यासाठी वाकवला, तर उद्या खाणवाल्यांनी तो दुसऱ्या दिशेने वाकवला म्हणून तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

डिचोलीकर
निकष वाकवा असे मी म्हटलेले नाही, त्यांच्यातली फट दाखवतो आहे. व्याप्त क्षेत्र 10 चौरस किलोमीटरांहून कमी असलेली प्रजाती थेट ‘अतिसंकटग्रस्त’ होऊ शकते, फक्त त्यासाठी एकच ठिकाण, सततची घट आणि तीव्र चढउतार यांपैकी दोन अटी लागू व्हाव्या लागतात. नारकोंडमच्या बाबतीत ‘एकच ठिकाण’ ही अट आजच पूर्ण होते. उद्या घट सिद्ध झाली की हा पक्षी ‘असुरक्षित’वरून एकदम सर्वांत वरच्या पायरीवर जाईल, मधली पायरी त्याच्या वाट्याला येणारच नाही. मेक्सिकोच्या कॉझुमेल बेटावरचा थ्रॅशर हा तिथलाच स्थानिक पक्षी, आणि ते बेट नारकोंडमपेक्षा कित्येक पटींनी मोठे. 1988 च्या गिल्बर्ट वादळापर्यंत तो सहज दिसत असे. आज तो उरला आहे की नाही, याचीच शंका आहे. बंगालच्या उपसागरात वादळांची वानवा आहे काय?

सांगेकर
कॉझुमेलवर माणसांनी सोडलेले बोआ अजगरही होते, हे आपण गाळलेत. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे, तिथली रानपाखरे वादळाने नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून पोहोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने संपवली. धोका बोटीतून येतो आणि तो श्रेणीने अडत नाही, धक्क्यावरच्या तपासणीने अडतो.

म्हादईकाठ
दोघेही कागदावर भांडत आहात, म्हणून बेटावर काय घडले ते सांगतो. 1969 पासून तिथे पोलीस चौकी आहे. चौकीबरोबर 1976 च्या सुमारास शेळ्या आल्या, त्या रानात वाढत गेल्या, रोपे खात राहिल्या आणि अखेरीस त्यांना हटवण्याची मोहीम राबवावी लागली. धनेशाची मादी जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला चारा पुरवतो. म्हणजे रोपे आज खाल्ली गेली तर ढोलीची टंचाई कित्येक दशकांनी जाणवणार, आणि तोवर शिरगणतीत सारे आलबेल दिसणार. दर चौरस किलोमीटरमागे सुमारे दीडशे धनेश ही चकित करणारी घनता वड-उंबराच्या जातीच्या झाडांवर उभी आहे. मोजायचेच असेल तर पक्ष्यांबरोबर ती झाडे आणि त्यांची रोपेही मोजा.

रडारचे प्रकरणही आठवा. 2012 साली पर्यावरण मंत्रालयाने तटरक्षक दलाच्या या बेटावरील रडार प्रकल्पाला परवानगी नाकारली आणि 2014 मध्ये नव्या सरकारने ती दिशा उलटवली. दोन्ही वेळी हा पक्षी धोक्याच्या यादीत होताच.

डिचोलीकर
म्हणूनच तर नाकारण्यासाठी आधार मिळाला.

सांगेकर
आणि म्हणूनच तो आधार दोन वर्षेही टिकला नाही. नारकोंडम 1977 पासून अभयारण्य आहे आणि धनेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. देशात कायदेशीर बळ तेवढेच, लाल यादीला आपल्या न्यायालयात कायद्याची जागा नाही.

पेडण्याची पाखरे
एक मुद्दा दोघांकडूनही सुटला. लाल यादीच्या नियमांनुसार एखाद्या प्रजातीची स्थिती खरोखर सुधारली असेल, तर वरच्या श्रेणीचे निकष सलग पाच वर्षे लागू न झाल्यावरच तिला खालच्या श्रेणीत आणता येते. मात्र आधीचे वर्गीकरणच चुकीच्या माहितीवर झालेले असेल, तर ती तात्काळ खाली आणावी असे नियम सांगतो. म्हणजे वाद श्रेणीचा नाही, जुन्या तीनशे-चारशेच्या आकड्यांचा आहे. ते मोजणीच्या पद्धतीमुळे कमी आले, की शेळ्या हटल्यावर पक्षी खरेच वाढले? पद्धती वेगळ्या असल्यामुळे जुने व नवे आकडे शेजारी मांडून याचे उत्तर मिळणार नाही. सांगेकरांना श्रेणी आजच बदलायची असेल, तर जुनी मोजणी सदोष होती हे त्यांनी दाखवावे. डिचोलीकरांना ती टिकवायची असेल, तर वाढ खरी आहे असे त्यांना मान्य करावे लागेल, आणि मग पाच वर्षांनंतर त्यांच्याकडे कोणता युक्तिवाद उरतो, हेही सांगावे.

डिचोलीकर
पाच वर्षांनी त्याच पद्धतीने दुसरी मोजणी झाली आणि त्यात ढोलीची झाडे व रोपेही मोजली गेली, तर तिचा निकाल मी मान्य करीन. एकाच मोजणीवर निर्णय घेण्यास माझा विरोध आहे, आणि तो राहील.