आठ फुटी पिकअपचा हौदा दहा फुटी केला तर बिघडलं कुठे?

मंडपवाला (डिचोली)

मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. गाडी बोलेरो पिकअप, हौदा आठ फुटी. आणि आमचं निम्मं सामान दहा फुटी: पाइप, ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा लोखंडी सांगाडा), पत्रे. म्हणून हौद्याचा मागचा फाळका पाडायचा, साखळ्या लावायच्या, टोकाला लाल फडकं बांधायचं आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. पूर्वी मीटरभर पाइप मागे आला तरी चालायचं, २०१४ मध्ये ती सवलत काढून टाकली. आता माल बाहेर दिसला की २० हजार दंड, वर रस्त्यातच माल उतरवायचा खर्च आपल्याच माथी.

बाजारात दहा फुटी पिकअप मिळते, मला माहीत आहे. पण माझ्या गाडीचे हप्ते आत्ता कुठे फिटलेत. दोन फुटांसाठी पुन्हा कर्जात कशाला शिरायचं? चासी (गाडीचा खालचा सांगाडा) कापून तुकडा जोडायचा, हौदा वाढवायचा, काम संपलं. आमच्या गोव्यात हे काम जाणणारे हात आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या त्याआधी टिप्परच्या चासीला प्लेटा मारून मारून कित्येक वेल्डर तयार झाले. माझा माल जागा खातो, वजन नाही. गाडीवर एक किलोही जास्त चढणार नाही. तरी हे बेकायदा का? मला तर ही निव्वळ अडवणूक वाटते.

जुना फिटर

मंडपवाले, आधी एक सांगा. दोन फूट वाढवणार कुठे? दोन चाकांच्या मध्ये की मागच्या चाकाच्या मागे? सगळं त्यावर आहे, आणि तुमच्या अख्ख्या लेखात तेवढंच नाही.

मागे वाढवणं स्वस्त. शाफ्टला (इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याला) हात लागत नाही, ब्रेकच्या नळ्या तशाच राहतात. पण हिशेब बघा. तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण तीन मीटर. मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे ३०० किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर ३०० नाही, ४५० किलो येतात. वरचे १५० आले कुठून? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. चोर्ला घाट चढताना आधीच भार मागे सरकतो. त्यात पावसाळा. स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की समजायचं, पुढचे टायर रस्ता सोडायच्या बेतात आहेत.

मध्ये वाढवलं तर हा त्रास नाही, पण काम चौपट. जॉइंट शाफ्ट लांबवायचा म्हणजे नुसती नळी जोडायची नाही. एका तुकड्याचा शाफ्ट दीड मीटरचा २.१ मीटर केला, तर तो ज्या फेऱ्यांना थरथरायला लागतो तो आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून आणखी एक तुकडा आणि सेंटर बेअरिंग घालावं लागतं, मग बॅलन्सिंग. हँडब्रेकची केबल, डिझेलची लाइन, वायरिंग सगळं लांबवायचं. शिवाय तोच माल लांब चासीवर पसरला की मधल्या भागावर वाकवणारा जोर वाढतो. तीन मीटरचे ३.६ झाले तर ढोबळ मानाने २० टक्के, एक किलो न वाढवता. "वजन वाढत नाही" हे उत्तर इथे पुरत नाही.

आणि टिप्परची चासी जाड असते, पिकअपची पातळ. जाडीवर बसलेला हात पातळ पत्र्यावर जास्त उष्णता देतो. जोड टिकतो, जोडाच्या शेजारचा पत्रा फुटतो.

साखळीकर

फिटरबाब, सगळं मान्य. पण हे तर नीट काम कसं करावं याचं वर्णन झालं. करू नये कुठे सिद्ध होतं?

मोठ्या ट्रक कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांसाठी पुस्तिका काढतात. चासी कुठे कापायची, आतून पट्टी किती लांबीची लावायची, वरच्या-खालच्या पात्याला भोक का पाडायचं नाही, सगळं छापलेलं असतं. म्हणजे काम अशक्य नाही, त्याचं शास्त्र आहे. आपल्याकडे काय होतं? व्यवस्थित करणारा आणि रात्रीत उरकणारा, दोघांना एकच दंड. मग व्यवस्थित करायला कोण जाईल? तपासून परवानगी द्यायची सोय काढा, फी घ्या, इंजिनियरची सही मागा. सरसकट "नाही" म्हटलं की लोक शेडच्या मागे करून घेतात.

कलमबहाद्दर

सोय काढा म्हणणं सोपं. आजचा कायदा काय ते तरी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मुळात जी माहिती दिली तिच्याशी आरसीतली (नोंदणी पुस्तकातली) नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. इंधनाचं किट, अपंगांसाठी गाडीत बदल अशा मोजक्या वाटा ठेवल्यात. चासीची लांबी त्यात नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली, कलम १८२ए: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, किंवा दोन्ही.

मंडपवाला (डिचोली)

वा! म्हणजे पाइप बाहेर आला तर २० हजार, आणि गाडीच लांब केली तर ५ हजार. सरकारच मला गाडी लांबवायला सांगतंय की. 😀

आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९३ बघा. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागे येणारा भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतो. तीन मीटरला १.८ मीटर. माझा दोन फूट वाढवूनही त्याच्या आत बसेल.

कलमबहाद्दर

ती ६० टक्क्यांची मर्यादा आहे, परवाना नव्हे. गाडी त्याच्या बाहेर जाऊ नये एवढंच ती सांगते. आत बसतं म्हणून मालकाने गॅस कटर हातात घ्यावा असं कुठे लिहिलंय? आणि ५ हजारांवर हसताय, त्याच वाक्यातली कैद सोयीने गाळलीत. कलम ५३ खाली नोंदणी निलंबित होऊ शकते, तेही धरा. गाडी पासिंगला नेली की लांबी मोजणार. आठ वर्षांनंतर तर दरवर्षी नेता. दरवेळी काय हौदा काढून नेणार?

दिवाडकर

मी कायद्याचा जाणकार नाही, फेरीबोटीचा गिऱ्हाईक आहे. भरती असेल तर कोणतीही गाडी चढते. ओहोटीला रॅम्प असा काही खाली जातो की मागे लांब असलेल्या गाडीचा बंपर काँक्रीटला घासलाच म्हणून समजा. आमच्या धक्क्यावर त्या जागी काँक्रीटला खाचा पडल्यात. परवा एक लांबवलेला टेम्पो पुढची चाकं बोटीवर आणि शेपूट धक्क्यावर टेकलेलं, असा मध्येच अडकला. मागची चाकं नुसती गरगर फिरत होती. खलाशांनी फळ्या सारल्या, पाठीमागच्यांनी हॉर्न वाजवून आपलं कर्तव्य केलं. मंडपवाले, दिवाडी-चोडणची ऑर्डर घेत असाल तर मागे वाढवायचा विचार डोक्यातून काढा. मध्ये वाढवलीत तरी पोट टेकायची भीती आहेच.

मासळीवाली

गंजाचं कोणीच बोलत नाही याचं नवल वाटतं. आमची गाडी मालिम धक्क्यावरून मासळी नेते. बर्फाचं खारट पाणी दिवसभर ठिबकत असतं. चासीवर मारलेली प्लेट वरून रंगवलेली छान दिसते, पण प्लेट आणि चासीच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की बाहेर येत नाही. तांबडी माती आत बसते ती कायम ओली. आमच्या एका गाडीची प्लेट काढली तेव्हा खालचा पत्रा हाताने सोलता येत होता, प्लेट मात्र शाबूत. गोव्याच्या हवेत जोडाची चासी म्हणजे दर पावसाळ्याआधी खाली झोपून बघायची तयारी हवी. बघतं कोण?

साखळीकर

ताई, गंज बिनजोडाच्या गाडीलाही लागतो. मासळीच्या गाड्यांची चासी कंपनीची असली तरी सडते. याला लांबवण्याच्या विरोधातला मुद्दा कसं म्हणायचं?

मासळीवाली

उघड्या पत्र्याचा गंज दिसतो, म्हणून. झाकलेला दिसत नाही.

पॉलिसी नंबर

विमा क्षेत्रात काम करतो. थर्ड पार्टीचं राहू दे, तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा आला की सर्व्हेअर पहिल्यांदा गाडी आरसीशी ताडून बघतो. न कळवलेला बदल सापडला तर दावा नाकारायला कारण आयतंच मिळतं. आणि चासीचा बदल कळवणार कसा, मुळात तो आरसीवर चढतच नाही. हप्ते फिटलेली गाडी आहे म्हणता, म्हणजे आता नुकसान बँकेचं नाही, सगळं तुमचं.

उसगावचा

सगळे गाडीच कापायला निघालेत. पाइप कापा की! दहा फुटी पाइपचे पाच-पाच फुटी करायचे, आत कपलर (दोन तुकडे जोडणारी नळी), एक पिन. आमच्याकडचे मंडपवाले हेच करतात. पत्रे आठ फुटी घ्या.

मंडपवाला (डिचोली)

पाइपचं पटलं. पत्र्याचंही बघता येईल. पण ट्रसचं काय? तो कापून जोडला तर वरचे दिवे आणि स्पीकर कोणाच्या डोक्यावर पडायचे? ट्रस दोन-दोन मीटरचे मिळतात, पण माझे घेऊन झालेत. पुन्हा खर्चच.

जुना फिटर

ट्रसच्या जोडाला भिता ते बरोबरच आहे. चासीच्या जोडाला का भीत नाही ते मला कळलेलं नाही.

ट्रस विकून छोटे घेतलेत तरी नव्या गाडीच्या कर्जापुढे ते काहीच नाही. नाहीतर वर्षातून ज्या मोजक्या ऑर्डरींना ट्रस लागतो त्या दिवशी मोठा टेम्पो भाड्याने लावा, गिऱ्हाइकाच्या बिलात घाला. लग्नवाले देतात.

तरीही कापायचंच ठरवलंत तर निदान एवढं बघा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा आणि ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) प्लग सोडवा, नाहीतर बीएस-६ गाडीचं मेंदूचं काम तिथेच उरकेल. चासी सरळ उभी कापू देऊ नका, तिरकी किंवा पायरीची कापायला सांगा. वेल्डिंगचा रॉड कमी हायड्रोजनचा, ७०१८, तोही कोरडा. पावसाळ्यात उघडं पाकीट वापरू देऊ नका.

कलमबहाद्दर

फिटरबाब, हे काय? आत्तापर्यंत करू नका म्हणत होता आणि आता कृती देताय.

जुना फिटर

करू नका हेच माझं मत आहे. पण हे गृहस्थ उद्या कुठल्यातरी शेडमध्ये जाणारच, तुमच्या कलमाने थांबतील असं वाटत नाही. मग मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यासाठी तरी जोड बरा असू दे.

कलमबहाद्दर

तो स्कूटरवाला अपघातानंतर विचारेल की हे करायला सांगितलं कोणी. तेव्हा तुमच्या ७०१८ चं नाव निघेल.

मंडपवाला (डिचोली)

अहो, मी अजून गाडी शेडमध्ये नेलेली नाही. पाच फुटी पाइपच्या कपलरला भोक पाइप कापायच्या आधी पाडतात की नंतर, तेवढं उसगावच्यांनी सांगा.