शब्दचर्चा: ‘चुंबकीय वंगण’ म्हणावं का?

भाषांतरात एक वाक्य अडलंय. बेअरिंगमध्ये शाफ्ट (फिरता दांडा) आणि बुश (त्याभोवतीची नळी) यांच्यामध्ये तेलाऐवजी पारा किंवा वितळलेलं सोडियम आहे आणि त्यातून आरपार चुंबकीय क्षेत्र जातंय. मी ‘चुंबकीय वंगण’ लिहिलंय. चालेल का?

— नको. वाचणाऱ्याला फेरोफ्लुइड वाटेल, म्हणजे तेलात तरंगणारे सुमारे 10 नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे कण. त्याला चुंबक ओढतो, पण त्यातून वीज जवळपास वाहत नाही. पाऱ्याचं नेमकं उलट: चुंबक जवळ नेलात तरी तो ढिम्म, पण वीज खुशाल वाहून नेतो. ‘चुंबकीय बेअरिंग’ तर अजिबात नको, तिथे शाफ्ट अधांतरी असतो आणि वंगण लागतच नाही. ‘वीजवाहक द्रवाचं वंगण’ लिहा.

पण वंगण म्हटलं की काळं, चिकट काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ‘स्नेहक’ करू का?

— स्नेह म्हणजेच तेल, मग पाऱ्याला स्नेहक कसं म्हणणार? वंगण हे निदान कामावरून पडलेलं नाव आहे.

बरं. पुढचं वाक्य: ‘क्षेत्रामुळे प्रवाहात प्रवाह निर्माण होऊन पारा दाट होतो.’

— अहो, दोन्ही ‘प्रवाह’? विजेला ‘विद्युतधारा’ म्हणा, द्रवाला ‘वाहणं’ पुरे. आणि पारा दाट होत नाही, त्याची श्यानता (वाहण्याला होणारा आतला विरोध) तेवढीच राहते. वाहता पारा क्षेत्राला छेदतो, त्यात धारा उपजते, आणि धारा व क्षेत्र मिळून त्याला मागे रेटतात. त्यामुळे तो कडांतून सहज निसटत नाही, थरातला दाब वाढतो आणि बेअरिंग जास्त भार पेलतं. बाहेरून धारा सोडली तर शाफ्ट थांबलेला असतानाही दाब मिळू शकतो. म्हणून ‘दाट’ खोडा, ‘रोखला जातो’ लिहा.

— एक भर घालतो. हा रोध श्यानतेपुढे किती, हे हार्टमान अंकावरून कळतं: अंक मोठा, तेवढा रोध भारी. डॅनिश शास्त्रज्ञ हार्टमान यांचे 1937 चे प्रयोगही पाऱ्यावरचेच. क्षेत्र 1 टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आणि पाऱ्याचा थर 0.1 मिलिमीटर धरला तर अंक जेमतेम 2.6 येतो. थर दहापट पातळ केला की तोही दहापट उतरतो. तेव्हा मूळ लेखात ‘प्रचंड परिणाम’ असेल तर आधी थराची जाडी बघा.

मुळात ‘लक्षणीय’ आहे. ‘प्रचंड’ मीच घातलं होतं, काढतो.