स्वतःचं ब्रीदवाक्य कुणी लिहिलंय का?

ओट्यापाशी: ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाला स्वतःचं 'मिशन स्टेटमेंट' लिहायला लावलं. मी लिहिलं, 'सचोटीने कार्य करून कुटुंबाचा व समाजाचा उत्कर्ष साधणे.' टाळ्या पडल्या. घरी फ्रिजवर चिकटवलं तर नवरा म्हणाला, पतसंस्थेची पाटी वाटते! खरंय. संध्याकाळी साडेसातला गॅसवर कुकर, ओट्यावर लेकाची गणिताची वही आणि मी त्याच्यावर खेकसतेय, तिथे उत्कर्ष काय कामाचा? रोज उपयोगी पडेल असं कसं लिहायचं?

दुकानदार काका: उत्कर्ष-बित्कर्ष आधी काढा. महाराष्ट्र पोलिसांचं बघा, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. दोनच शब्द, काय करायचं ते स्पष्ट. तुमचं जिथे बिनसतं त्या वेळेसाठीच लिहा. माझं पाकिटात आहे: 'गिऱ्हाइकाचा राग पायरीवर ठेवून घरात शिरायचं.' निम्म्या वेळा जमतं.

वहीवाला: अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःत बाणवायचे १३ गुण लिहून काढले होते. आठवड्याला एकावरच भर, चुकलं की वहीत ठिपका. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार. त्यालाही व्यवस्थितपणा सगळ्यात जड गेला. (हे आठवलं की मला बरं वाटतं. का, ते माझं टेबल बघाल तर कळेल.)

ओट्यापाशी: काका, नवा कागद लावला: 'तीन शिट्ट्या होईपर्यंत वहीकडे बघायचं नाही.' काल दुसऱ्या शिट्टीलाच मोडलं. ठिपका लेकानेच दिला, लाल पेनने.